चार लाख सहाशे एक

इमारत पुनर्विकासाला द्यायचं नक्की झालं आणि आमच्या घरात कागदांचा पूर आला. संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, बँकेचा अर्ज, भाड्याच्या घराचा करार. प्रत्येक कागदावर नाव, पत्ता आणि शेवटी सहा रिकामे चौकोन. चार, शून्य, शून्य, सहा, शून्य, एक. ठाण्याच्या चरईत जन्म गेलेल्या माणसाला हे आकडे विचार करून लिहावे लागत नाहीत. त्यातून माझी सगळी नोकरी टपाल खात्यात, आणि त्यातली बरीचशी सॉर्टिंगला. किती लाख पाकिटांवर हा आकडा पाहिला असेल याचा हिशेब नाही.

समोरच्या घरातली आठवीतली मुलगी शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करते. तिची आजी दुपारी झोपते, म्हणून ती वही घेऊन आमच्याकडे येते. त्या दिवशी मी सह्या करत होतो आणि ती शेजारी बसून मूळ संख्यांची, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणाऱ्या संख्यांची, उदाहरणं सोडवत होती. एकाएकी तिनं माझ्या पुढ्यातल्या कागदाकडे पाहून विचारलं, "काका, आपला पिनकोड मूळ संख्या आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. लाज वाटली असं म्हणणार नाही, पण हात थांबला. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याचं गाव कुठलं असं कुणी विचारावं आणि आपल्याला ठाऊक नसावं, तसं झालं. मग तिनं आपल्या वहीत तो आकडा उतरवून घेतला आणि सवयीनं त्यात स्वल्पविराम टाकले: ४,००,६०१. आम्ही पिनमध्ये कधी स्वल्पविराम टाकत नाही. त्या दोन बारीक खुणांनी तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर पत्त्यातून बाहेर पडला आणि चार लाख सहाशे एक झाला.

ज्यांनी पत्र टाकणं सोडून दिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. त्यामागे दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर होते. आपलाच मराठी माणूस, आणि संस्कृतात कविता करणारा. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते लिहिण्याच्या नाना भाषा, नाना लिप्या, त्यात अक्षराची कसरत. या सगळ्यावर त्यांनी सहा अंकांचा उतारा काढला. पहिला अंक विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन त्या पोस्टाचे. म्हणून ४०० दिसलं की पाकीट मुंबईच्या बाजूला आणि ४२१ दिसलं की कल्याण-डोंबिवलीकडे. हात आपोआप जातो, डोकं लागत नाही. डोकं लागायचं ते मराठीत लिहिलेल्या पत्त्यांना, कारण आपला चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो आणि आठानं सुरू होणारे पिन बिहार-झारखंडचे. गावाकडच्या एखाद्या आजीनं ठाण्याच्या नातवाला लिहिलेलं पत्र पाटण्याच्या दिशेनं जाऊ नये म्हणून पिनच्या आधी गावाचं नाव वाचायचं, हे आम्हाला जुन्या लोकांनी शिकवलं होतं.

पण यातल्या कशालाही ती संख्या मूळ आहे की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं. आमच्यासाठी ते कप्प्याचं नाव होतं. भिंतीवरच्या खुंटीला कुणी जात विचारत नाही.

मुलीच्या हातात मोबाइल होता. तिथं आकडा घातला असता तर क्षणात उत्तर आलं असतं. मी तिला म्हटलं, "थांब, बघू नकोस. मी करून बघतो." ती हसली. "काका, खूप भागाकार करावे लागतील." किती, ते तिनंच काढलं. एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल तर त्यातली लहान संख्या वर्गमुळाच्या पुढे जात नाही. ६३२चा वर्ग ३,९९,४२४ आणि ६३३चा ४,००,६८९. म्हणजे ६३२पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. अशा मूळ संख्या ११५ आहेत, शेवटची ६३१.

एकशे पंधरा भागाकार. पावसाळा लागला होता, तलावपाळीवरचं फिरणं बंद होतं. मी जुन्या कॅलेंडरची पानं पाठकोरी काढली आणि बसलो.

दोन, तीन, पाच तर बघूनच गेले. शेवटी १ आहे, आणि अंकांची बेरीज ११. सात, अकरा आणि तेरा यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. ७ × ११ × १३ म्हणजे १००१. त्यामुळे सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे पाडायचे आणि वजाबाकी करायची: ६०१ वजा ४००, २०१. आता २०१ला भागायचं. सातनं बाकी ५, अकरानं ३, तेरानं ६. तिघंही एका वजाबाकीत उरकले. तेच दोन तुकडे वजा न करता मिळवले तर ६०१ आणि ४०० मिळून १००१च येतात, हे पाहून मी जरा वेळ नुसता बसून राहिलो. ४०० आणि ६०१ हे दोन तुकडे टपाल खात्यानं अगदी वेगळ्या कारणांनी जोडले होते. एक जिल्ह्याचा, एक पोस्टाचा. त्यांची बेरीज अशी निघेल हे कुणाच्या मनातही नसणार. त्या बेरजेचाही उपयोग झाला. ९९९ला ३७नं भाग जातो, म्हणून ३७ची बाकी १००१वरून काढता येते: २.

सतरापुढे मात्र युक्त्या संपल्या आणि हातानं भागायची पाळी आली. सतरानं बाकी १३, एकोणिसानं ५, तेविसानं १०. रोज संध्याकाळी आठ-दहा. बायको चहा ठेवता ठेवता म्हणायची, "अहो, पेन्शनचा हिशेब चाललाय का?" मी म्हणायचो, नाही, आपल्या पत्त्याचा.

सुरुवातीला मला वाटत होतं की बाकी म्हणजे नकार. शून्य आली नाही, पुढे चला. पण शंभर-सव्वाशेच्या घरात गेल्यावर बाक्यांकडे लक्ष जायला लागलं. १३१नं भागलं, बाकी ३ उरली. १३९नं भागलं, तिथं मी १३ लिहिली होती. संशय आला म्हणून पुन्हा भागलं तर ३. अकरालाही ३च उरली होती. म्हणजे आपल्या संख्येतून तीन काढले की जी संख्या येते तिला अकरा, १३१ आणि १३९ तिघांचाही भाग जाणार. करून पाहिलं: ४,००,५९८ = २ × ११ × १३१ × १३९. बरोब्बर, काही शिल्लक न ठेवता. सात, एकोणीस आणि २५१, तिघांची बाकी ५. लगेच ४,००,५९६ उलगडली: ४ × ३ × ७ × १९ × २५१. मी माझी संख्या भागत होतो आणि तिच्या आजूबाजूची घरं एकेक करून उघडत होती.

त्यातली दोन घरं तर ओळखीची निघाली. १७९नं भागल्यावर बाकी उरली १७८. एक कमी पडला! एक जास्त असता तर भाग गेला असता. पुढे किती तरी दिवसांनी ३७३ला पुन्हा तेच: बाकी ३७२. आता एक जास्त म्हणजे ४००६०२, तो नौपाड्याचा पिन. ४,००,६०२ = २ × ३ × १७९ × ३७३. गोखले रोडला भाजी आणायला जाताना मी हा गुणाकार मनातल्या मनात म्हणत गेलो.

दोन जास्त म्हणजे ४००६०३. रुळांच्या पलीकडे, पूर्वेला, कोपरी. तिथं माझा नोकरीतला जुना सोबती राहतो. दोन मूळ संख्यांमध्ये फक्त दोनाचं अंतर असलं की त्यांना जुळ्या म्हणतात. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा. पूर्व आणि पश्चिम ठाणं जुळं निघावं असं मला मनापासून वाटत होतं. पण सातची बाकी ५ आली होती तेव्हाच ते संपलं होतं, कारण पाचात दोन मिळवले की सात. ४,००,६०३ = ७ × १५१ × ३७९. मी त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "अरे, चांगलंच आहे की. आमचे सात भाग पडतात, तुमचा एकही पडत नाही. एकटे पडलात." नोकरीत त्याचा हात माझ्यापेक्षा जलद होता आणि बोलणंही.

एकटे, हे खरंच आहे. चार लाखांच्या आसपास सरासरी तेरा संख्यांमागे एखादीच मूळ निघते. आमच्या आसपासचे पिन बघा. नौपाडा संयुक्त, म्हणजे भाग जाणारा, कोपरीही संयुक्त, वागळे इस्टेटचा ४,००,६०४ म्हणजे ४ × १,००,१५१, कळव्याचा ४,००,६०५ म्हणजे ३ × ५ × १७ × १५७१. मुंबई जीपीओचा मानाचा ४००००१, त्यालाही सातनं सरळ भाग जातो: ७ × ५७,१४३. पण हे सगळं सांगताना मी घाई करतोय. तोवर ६३१ यायचा होता.

पाचशेच्या पुढे भागाकार सोपे होतात असं कुणाला वाटेल. भागाकार तीन अंकीच उरतो, पण मन धजत नाही. इतकं पुढे आल्यावर एखाद्यानं भाग गेला तर? ५०९ला बाकी १८ उरली तेव्हा छातीत धस्स झालं होतं, इतकी ती लहान होती. ५६९ला २५. शेवटी एका शनिवारी दुपारी मुलगी समोर बसलेली असताना ६३१ घेतला. ६३१ गुणिले ६३४, ४,००,०५४. बाकी ५४७. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि कॅलेंडरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: मूळ.

त्या रात्री झोप लागली नाही, आणि कारण आनंद नव्हता. १३९ला मी चुकलो होतो हे आठवत होतं. तशीच चूक आणखी कुठे झाली असेल आणि तिच्याखाली एखादा शून्य दडला असेल तर? एकशे पंधरा जागा. सॉर्टिंगच्या माणसाला ही भीती ओळखीची आहे. बॅग बांधून गाडीत गेल्यावर वाटतं, त्यातलं एखादं पाकीट चुकीच्या कप्प्यात तर नव्हतं?

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं आहे. मी तिथला जुना वर्गणीदार, पण गणिताच्या कपाटापाशी कधी गेलो नव्हतो. या वेळी गेलो. तिथल्या एका जुन्या पुस्तकात मला दुसरी वाट सापडली, आणि ती इतकी सुंदर आहे की ती सांगायलाच मी हे लिहायला बसलो.

कोणत्याही पूर्ण संख्येचा वर्ग घ्या. ती सम असेल तर वर्गाला चारनं भाग जातो. विषम असेल तर बाकी १ उरते. म्हणून दोन वर्गांची बेरीज चारनं भागली तर बाकी ०, १ किंवा २ येईल, ३ कधीच येणार नाही. ही झाली सोपी बाजू. अवघड बाजू पियेर द फर्मानं १६४०च्या नाताळात मेर्सेन यांना लिहिलेल्या पत्रात मांडली: ज्या मूळ संख्येला चारनं भागल्यावर बाकी १ उरते, ती नेहमी दोन वर्गांची बेरीज असते, आणि अशी बेरीज एकाच प्रकारे करता येते. सिद्धता द्यायला शतक लोटावं लागलं. ती ऑयलरनं १७४९मध्ये पुरी केली. हे गणित पत्रांतून पुढे गेलं, याचं माझ्यासारख्याला अप्रूप वाटणारच. फर्मानं मेर्सेनला लिहिलं, ऑयलरनं गोल्डबाखला.

ऑयलरनं त्यातून उलट दिशेची कसोटीही काढली. चारनं भागून बाकी १ उरणारी संख्या घ्या. ती दोन वर्गांची बेरीज नेमकी एकाच प्रकारे होत असेल, आणि त्या दोन संख्यांना समाईक विभाजक नसेल, तर ती मूळच. दोन प्रकारे होत असेल तर ती नक्की संयुक्त. दहा लाख नऊ ही संख्या ऑयलरनं आधी मूळ म्हणून यादीत घातली होती. पुढे त्याला दिसलं की ती १०००चा वर्ग अधिक ३चा वर्ग तर आहेच, पण २३५चा वर्ग अधिक ९७२चा वर्गही आहे. मग त्यानं स्वतःच ती यादीतून काढली: २९३ × ३४१३. ऑयलरची चूक वाचून मला धीर आला.

आमच्या संख्येच्या शेवटी ०१ आहे, म्हणजे चारनं बाकी १. तर असे दोन वर्ग शोधायला हवेत. सरळ शोधायला गेलं तर सहाशे संख्या तपासायच्या. पण शेवटचे अंकच मदतीला येतात. वर्गाच्या शेवटी ०, १, ४, ५, ६ किंवा ९च येतो. दोघांची मिळून शेवटी १ यायला ० आणि १ हवेत नाहीतर ५ आणि ६. दोन्ही वेळा एका संख्येला पाचनं भाग जातो. तिचा वर्ग पंचवीसच्या पटीत, आणि आमच्या संख्येला पंचवीसनं भागलं तर बाकी १. म्हणून दुसऱ्या संख्येच्या वर्गाचीही पंचवीसनं बाकी १. अशा संख्या पंचवीसच्या पटीच्या अगदी शेजारी असतात, एक अलीकडे किंवा एक पलीकडे: २४, २६, ४९, ५१, ७४, ७६... सहाशेतून पन्नासएक उरल्या. सोळानं, तीननं आणि सातनं येणाऱ्या बाक्या लावल्यावर त्यातल्याही बऱ्याच गळाल्या. शेवटी राहिल्या दहा: ७६, १२४, १४९, १७६, २५१, २९९, ३४९, ३७६, ४९९, ५२४.

दहा पाकिटं. हे आम्ही दोघांनी मिळून केलं, ती वर्ग काढायची आणि मी वजा करून पंचवीसनं भागायचो. उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचं. ७६ला आलं १५,७९३. नाही. १२४ला १५,४०९, नाही. १४९ला १५,१३६ आलं आणि १२३चा वर्ग १५,१२९. सातानं हुकलं. मग एकापाठोपाठ एक, नाही, नाही, नाही. ४९९ला ६०६४, तेही नाही. एकच राहिली होती. तिनं ५२४चा वर्ग काढला, २,७४,५७६. मी वजा केला: १,२६,०२५. पंचवीसनं भागलं: ५०४१.

"काका, एकाहत्तरचा वर्ग!" ती ओरडली. आतल्या खोलीतून बायको काय झालं म्हणून बाहेर आली.

पाच गुणिले एकाहत्तर, तीनशे पंचावन्न. ३५५चा वर्ग अधिक ५२४चा वर्ग बरोबर ४,००,६०१. बाकीच्या नऊ जणी नापास झाल्या होत्या, म्हणजे एकाच प्रकारे. ३५५ आणि ५२४ यांना समाईक विभाजक नाही. संख्या मूळ आहे, आणि या वेळी माझ्या एकशे पंधरा भागाकारांवर काहीही अवलंबून नव्हतं. त्या दिवशी मी शांत झोपलो.

यातून आणखी एक गोष्ट निघाली. मघाचे पाचही शेजारी घ्या: चरईचा, नौपाड्याचा, कोपरीचा, वागळे इस्टेटचा, कळव्याचा. संख्या दोन वर्गांची बेरीज व्हायची तर चारनं ३ बाकी देणारे तिचे मूळ अवयव जोडीजोडीनं यावे लागतात. नौपाड्यात ३ एकटा आहे, कळव्यातही. वागळे इस्टेटच्या १,००,१५१ला चारनं बाकी ३. कोपरीची तर पुरी संख्याच तशी. पाचांत फक्त आमच्याच संख्येला हे जमतं.

मुलीनं याचं काय केलं ते सांगतो. तिनं कॅलेंडरची पानं चिकटवून एक मोठा कागद केला. त्यावर काटकोनात दोन रेघा काढल्या, एक ३५५ मिलिमीटरची आणि एक ५२४ मिलिमीटरची. टोकं जोडली आणि त्या तिरक्या रेघेवर चौरस काढून कापला. पायथागोरसप्रमाणे त्याचं क्षेत्रफळ होतं चार लाख सहाशे एक चौरस मिलिमीटर. बाजू जेमतेम ६३ सेंटिमीटर, आणि ती नेमकी कुठल्याच पट्टीवर मोजता येत नाही. पण क्षेत्रफळ नेमकं. आमच्या बाहेरच्या खोलीत रंग उडालेल्या भिंतीवर तो चौरस चिकटवला. आपला पिनकोड एवढा असतो, असं आल्यागेल्याला दाखवता येऊ लागलं. पोस्टमन आला त्यालाही दाखवला. तो बराच वेळ पाहत उभा राहिला.

कापरेकरांचं नाव निघाल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ला डहाणूत जन्मले, आणि त्यांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं. पुढे आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. त्यांचा ६१७४ आता सगळ्या शाळकरी मुलांना ठाऊक असतो, पण त्यांनी एका जातीच्या संख्यांना डेम्लो नाव दिलं ते डोंबिवली स्टेशनवरून, हे डोंबिवलीकरांनाही ठाऊक नसतं. स्टेशनवर उभ्या माणसाला गाडीची वाट बघता बघता संख्या सुचतात आणि तो त्यांना त्या स्टेशनाचं नाव देतो! आपल्या मध्य रेल्वेवर असा माणूस वावरला, या गोष्टीचा मला फार अभिमान आहे.

त्यांची रीत आम्ही आमच्या संख्येला लावली. अंक उतरत्या क्रमानं लिहायचे, त्यातून चढत्या क्रमानं लिहिलेले वजा करायचे, आणि हेच पुन्हा पुन्हा. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसतील तर, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ला येऊन थांबते. सहा अंकी संख्यांना थांबायला ५,४९,९४५ आणि ६,३१,७६४ अशी दोन ठिकाणं आहेत. आमची संख्या कुठे थांबते? ६,४१,००० वजा १४६, ६,४०,८५४. मग ८,२०,८७२, ८,६४,४३२, ६,२९,९६४, ७,४९,९४३, ६,५२,६४४, ४,२०,८७६. मग ८,५१,७४२, ७,५०,८४३, ८,४०,८५२, ८,६०,८३२, ८,६२,६३२, ६,४२,६५४, आणि पुन्हा ४,२०,८७६. दोन्हींपैकी कुठेच थांबली नाही. सात संख्यांच्या प्रदक्षिणेत सापडली आणि फिरत राहिली. मुलीला याचं वाईट वाटलं. मला नाही वाटलं. कोपिनेश्वराच्या देवळात संध्याकाळी प्रदक्षिणा घालणारी माणसं मी लहानपणापासून बघतोय.

कापरेकरांचा आणखी एक खेळ म्हणजे संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. ४,००,५८२ घ्या, अंकांची बेरीज १९, मिळवले की ४,००,६०१. म्हणजे आमच्या संख्येला एक जनक आहे, आणि तपासून पाहिलं, एकच आहे. काही संख्यांना असा जनकच नसतो, त्या स्वयंभू. ४,००,५८२ या आकड्याचा मला आता उगाच जिव्हाळा वाटतो.

आता सवय जात नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ते साल १८५३. ते १७ × १०९. पिनकोडाचं साल १९७२. त्यालाही १७नं भाग जातो, १७ × ११६. मधली ११९ वर्षं म्हणजे ७ × १७. याला काही अर्थ नाही हे मला कळतं. पण ४,००,६०१ मूळ आहे, ही गोष्ट तशी नाही. वेलणकरांनी अंक वाटले तेव्हाही ती मूळ होती, ठाणं वसायच्या आधीही होती, आणि मी पंचवीस-तीस वर्षं ती कप्प्यावरची चिठ्ठी समजून पाकिटं टाकत होतो तेव्हाही ती ३५५ आणि ५२४ पोटात घेऊन तशीच बसलेली होती.

गेल्या आठवड्यात समोरचं घर रिकामं झालं. इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंत ते लोक वाशीला भाड्यानं राहणार आहेत. आम्ही तात्पुरते उथळसरला. आमचा पिन तोच राहतो. टेम्पोत सामान चढत असताना मुलगी वर आली, भिंतीवरचा चौरस हलक्या हातानं सोडवला आणि गुंडाळी करून काखेत घेतला. मग वही उघडून नवा पत्ता दाखवला. स्वल्पविराम टाकून लिहिला होता: ४,००,७०३.

चारनं भागून पाहिलं, बाकी ३. म्हणजे दोन वर्गांची वाट बंद. ऑयलरची कसोटी इथे चालणार नाही, भागाकारच करावे लागणार, आणि वर्गमूळ ६३३च्या जरासं पुढे, म्हणून तेही पुन्हा ६३१पर्यंत. एकशे पंधरा. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. ती पायरीवर बसली, मी जिन्याच्या कठड्यावर वही टेकवली. ७०३ वजा ४००, ३०३. सातनं बाकी २. अकरानं ६. तेरानं ४.

"सतरापासून मी करते," ती म्हणाली, "तुम्ही तीनशेच्या पुढचे करा. पोस्टकार्डावर लिहून पाठवा."